काचेवर उतरवलेला जॅक

मशीन डिझाइनच्या ज्या शीटला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, ती शीट मी डिझाइन केलेली नव्हती. ज्या सिनिअर मुलीकडून मी ती आणली, तिनेही केलेली नव्हती. तिने ती कोणाकडून तरी घेतली होती आणि त्या कोणीतरी आणखी कोणाकडून. मुळात ती कोणी काढली हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची कोणाला गरजही वाटली नव्हती.

उतरवून घ्यायची पद्धत अशी. एक मोठी काच दोन स्टुलांवर आडवी ठेवायची आणि खाली ट्यूबलाइट लावायची. काचेवर जुनी शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. खालच्या रेषा वर दिसू लागतात, त्यांच्यावरून निमूटपणे पेन्सिल फिरवायची. पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरं याला ‘जीटी मारणं’ म्हणायची, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. चोरी, कॉपी असले शब्द कोणी वापरायचं नाही. सबमिशनच्या आठवड्यात ‘डिझाइन झालं का गं?’ असं विचारलं की ‘जीटी राहिलीय’ असं उत्तर यायचं, तेही कुरकुरत, जणू फार मोठं काम अंगावर पडलं आहे.

माझी एक मैत्रीण नारायण पेठेत राहायची. तिच्या घरी जुन्या कपाटाची काच होती. भर दुपारी पडदे ओढून आम्ही दोघी त्या काचेवर ओणव्या व्हायचो. तिची आई चहा ठेवून जाताना म्हणायची, “किती अभ्यास करता गं पोरींनो, पाठी मोडतील.” आम्ही मान वर करायचो नाही, कारण रेघ हलली असती.

त्या वर्षी विषय होता स्क्रू जॅक. गाडीचं चाक बदलताना खाली लावतात तो. बाहेरून घंटेसारखी बॉडी, तिच्या मधून जाणारा जाडजूड स्क्रू, वर दांडा घालून फिरवला की ओझं उचललं जातं. स्क्रू फिरवता फिरवता पार बाहेर निघून येऊ नये म्हणून त्याच्या खालच्या टोकाला, बॉडीच्या आत, एक रुंद वॉशर असतो. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा खडकीतल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू आधी लाकडात करावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्या पोकळीत वितळलेला रस ओततात. ती पहिली लाकडी वस्तू करणारा तो पॅटर्नमेकर. रस थंड होताना आक्रसतो, म्हणून या लोकांची फूटपट्टीही वेगळी असते. तिचा इंच आपल्या इंचापेक्षा केसभर मोठा. लहानपणी एकदा मी ती पट्टी दप्तरात घालून शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला माझं एकही उत्तर बाईंच्या उत्तराशी जुळेना. घरी येऊन रडले तेव्हा दादा पोट धरधरून हसले होते.

दादा मॅट्रिकही झाले नव्हते. आजोबांनी गावकीची कामं टाकून दिली, धम्म स्वीकारला आणि बिऱ्हाड घेऊन खडकी गाठली, तेव्हा दादा ऐन शिकायच्या वयात होते आणि घरात खाणारी तोंडं सात होती. ते कारखान्यात उमेदवारीला लागले. ड्रॉइंग वाचायला त्यांना कोणी शिकवलं नाही, ते आपले आपण शिकले. कागद हातात आला की आधी ते काही न बोलता बघत बसायचे. मग बोट ठेवायचे. इथून लाकूड वाळूतून सुटणार नाही. इथे भिंत पातळ आहे, तडकेल. हा कोपरा कागदावर बरा दिसतो, ओततानाच फसेल. आणि तसंच व्हायचं. होता होता अशी पद्धतच पडली, की नवीन ड्रॉइंग आलं की आधी त्यांना दाखवायचं. पण दादा कामगार, त्यांनी दाखवलेली चूक साहेबाच्या नावाने वर जायची आणि दुरुस्त ड्रॉइंग खाली यायचं तेव्हा त्यावर तिसऱ्याचीच सही असायची. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं हे तिथे लिहितात. दादा म्हणायचे, “त्या चौकटीत आपल्या घरातली एक तरी सही यायला पाहिजे.” माझ्याकडे बघूनच म्हणायचे, भावाकडे नाही, कारण चित्रं मी बरी काढायचे.

बाकी आमच्याकडे मोठं असं काही नव्हतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, लोखंडी कपाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर. दादांची ती नजर हीच आमच्या घरातली मोठी गोष्ट होती. तिच्यामुळे क्वार्टरांची आख्खी लाइन त्यांना मान द्यायची. ती नजर मी घालवली.

मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा दादांनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले. वर्गात आम्ही तीन मुली. रोज संध्याकाळी मी सायकल लावून आत आले की दादा विचारायचे, “काय डिझाइन केलंस आज?” आधी आधी मी खरं सांगायचे, की आज नुसतं गणित झालं. पण रोज रोज काय सांगणार? डिझाइन या नावाखाली आम्हाला जे शिकवत होते ते असं : पुस्तकातून एक सूत्र घ्यायचं, हँडबुकातून आकडे घ्यायचे, सुरक्षिततेसाठी तीनने भागायचं. तीनच का? तर सर तीनला काही बोलत नाहीत म्हणून. ही वस्तू कोणासाठी, तो ती कुठे वापरणार, त्याचा हात तिथे पोचणार का, ती जोडणार कशी आणि बिघडली तर खोलणार कशी, यातलं काही चार वर्षांत आम्हाला कोणी विचारलं नाही. कोरा कागद देऊन ‘विचार कर’ असं कोणी म्हटलं नाही. कोरा कागद फक्त काचेवर ठेवायला लागायचा.

आमचे डिझाइनचे सर पेठेतले, बोलायला तिखट. माझी शीट त्यांनी हातभर लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. म्हणाले, “रेषा सुरेख आहेत हो तुमच्या. रुखवतात मांडता येईल.” वर्ग हसला. त्यांनी सही केली, कॉलेजचा शिक्का मारला आणि सगळ्यांपेक्षा दोन मार्क जास्त दिले. खालच्या चौकटीत, ‘कोणी काढलं’ याच्या पुढे, माझी सही होती.

दादा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. कारखान्यात नवी भरती थांबली होती. कितीतरी पॅटर्न आता बाहेरून, यंत्रावर कापून येत होते, आणि दादांच्या पॅटर्न शॉपमधली सात बाकं कमी होत होत दोनवर आली होती. घरात जरा उदासच वातावरण होतं, म्हणून मी शीट मुद्दाम घरी आणली. खरं तर मला मिरवायचंही होतं.

दादांनी ती पलंगावर अंथरली. कोपऱ्यांवर तांब्या, चष्म्याचं घर आणि माझी दोन पुस्तकं ठेवली. मग हात पाठीमागे बांधून ते बघत राहिले. कितीतरी वेळ. मग ती चौकट वाचली, माझ्या सहीवरून बोट फिरवलं.

“हे तू काढलंस?”

“हो.”

“म्हणजे, तुझ्या डोक्यातून?”

इथे मला संधी होती. ‘नाही हो दादा, सगळे असंच उतरवतात’ असं हसत सांगून टाकलं असतं, तर दोन दिवस ते रुसले असते आणि विषय मिटला असता. पण त्यांचं ते बोट अजून माझ्या सहीवर होतं.

“हो दादा. माझ्याच डोक्यातून.”

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला काही महिन्यांची मुदत होती. दादांनी ठरवलं की तेवढ्यात माझा जॅक सागवानात करायचा. लाकडाचे तुकडे घरात होतेच. व्हरांड्यात बैठक मांडली, माझी शीट भिंतीला लावली, आणि रोज सकाळी चहा घेतला की पटाशी आणि रंधा घेऊन ते बसायचे. इतके खुशीत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं केली, आता घरचं करतोय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आई म्हणायची, “निवृत्त झालेत की बढती मिळालीय?”

एक दिवस मी कॉलेजातून आले तर ते पटाशी खाली ठेवून नुसते शीटकडे बघत बसले होते.

“बाई,” ते म्हणाले. मला ते बाईच म्हणायचे. “हा वॉशर आत कसा घालायचा ठरवलायस?”

मी बघितलं. चार दुपारी त्या शीटवर ओणवी होते मी, पण तेव्हा पहिल्यांदा ती बघितली. बॉडी खालून बंद होती. सलग जाड रेघ होती तिथे. वरच्या भोकातून वॉशर आत जाणं शक्यच नव्हतं, कारण भोक लहान होतं आणि वॉशर मोठा. खरा जॅक खालून उघडा असतो. तिथून हात घालून वॉशर लावतात. कोणीतरी, कधीतरी, जमिनीची रेघ आणि बॉडीची रेघ एकच समजून गिरवून टाकली असणार आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाने तीच गिरवली. असा जॅक जगात कोणालाही जोडता आला नसता.

मला दोन शब्दांत सांगता आलं असतं, की चुकलंय. पण चुकलंय म्हटलं तर पुढे कसं चुकलं हे सांगावं लागलं असतं.

“त्याची पद्धत असते, दादा,” मी म्हटलं. “असेंब्लीच्या वेळी करतात ते. आम्हाला शिकवलंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शीटवरच्या शिक्क्याकडे आणि सरांच्या सहीकडे बघितलं.

“असेल,” ते म्हणाले. “नवीन पद्धत असेल तुमची.”

त्यांच्या जागी दुसरा कुठलाही कारागीर असता तर माझं काही ऐकलं नसतं. त्याने सरळ म्हटलं असतं, की पोरी, तुझ्या कॉलेजाला अक्कल नाही. पण आमच्या घरात शिक्षण ही साधी गोष्ट नव्हती. आजोबांनी ज्याच्यापायी गाव सोडलं, दादांना जे मिळालं नाही आणि मला मिळावं म्हणून त्यांनी वीस वर्षं ओव्हरटाइम केला, ते त्या गोल शिक्क्यात आहे असं दादा मानायचे. एकीकडे त्यांचे डोळे, दुसरीकडे तो शिक्का. त्यांनी शिक्क्यावर विश्वास ठेवला. असं आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकतं.

पुढचे तीन आठवडे ते त्या वॉशरशी झुंजत होते. कागदाचे वॉशर कापून भोकातून तिरके घालून बघायचे. जेवताना मध्येच हात थांबायचा. शॉपमधले जुने सोबती भेटायला आले तेव्हा मात्र त्यांनी शीटवर टॉवेल टाकला. ते का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

शेवटी एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. जॅक तयार होता. अगदी शीटवर होता तसा, खालून बंद, आणि कानाशी धरून हलवला तर आत वॉशरचा आवाज येत होता. त्यांनी बॉडी उभी दोन फाकांत केली होती, आत वॉशर बसवला होता आणि मग फाका इतक्या बेमालूम चिकटवल्या होत्या की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. लाकडात ते चालून गेलं. लोखंडात ते अशक्य होतं, आणि हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

“ड्रॉइंग बरोबर होतं,” ते म्हणाले. “मलाच कळायला वेळ लागला. लोखंडात कसं करतात ते तुम्हा शिकलेल्यांना ठाऊक.”

मी ‘छान झालाय’ म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी तणतणत सरांकडे गेले. शीट त्यांच्या टेबलावर पसरली आणि वॉशर दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही.

“अहो, तो वॉशर तिथे माझ्याही आधीपासून आहे.”

“मग तुम्ही सही का केलीत, सर?”

“रेषा चांगल्या होत्या.” मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, “नोकरीला लागलो त्या वर्षी मी सगळ्याच्या सगळ्या शीट परत केल्या होत्या. साठच्या साठ. मला वर बोलावून विचारलं, निकाल लावायचाय की कॉलेज बंद करायचंय? तेव्हापासून मी रेषा बघतो. तुम्ही पहिल्या आहात हे विचारणाऱ्या. कुठे कळलं तुम्हाला?”

“घरी,” मी म्हटलं. वडिलांना कळलं असं म्हणायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी काच न घेता, एकटीने, कोऱ्या कागदावर जॅक काढला. दोन महिने लागले. दादा पटाशी धरतात तो हात डोळ्यांपुढे ठेवून दांड्याची लांबी ठरवली. बॉडी खालून उघडी ठेवली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं डिझाइन. रेषा काही फार चांगल्या नव्हत्या. ते गुंडाळून घरी आणलं, मनात वाक्यं जुळवून आणली, आणि दारात पोचते तो दादा शेजाऱ्यांना सागवानी जॅक दाखवत होते. “आमच्या बाईचं डिझाइन. मलासुद्धा चटकन कळलं नाही, एवढं अवघड.” मी ती गुंडाळी आईच्या शिवणयंत्राच्या मागे उभी करून ठेवली. क्वार्टर सोडताना ती कुठे गेली कोण जाणे.

शेवटच्या वर्षी सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात आल्या. मेकॅनिकल, सिव्हिल, टेक्स्टाइल, त्यांना काही फरक पडत नव्हता. परीक्षा घेतली, शंभरेक पोरं उचलली, त्यांत मी. सगळ्यांनी अभिनंदन केलं. दादा म्हणाले, “तिथेही डिझाइन असेल ना?” मी म्हटलं, असतं, सॉफ्टवेअरचं डिझाइन असतं. म्हणाले, “एकदा दाखव.” दाखवण्यासारखं काही नव्हतं. २००० साल येणार म्हणून दुसऱ्यांचे जुने प्रोग्रॅम उघडून त्यांत वर्षाचे दोन आकडे होते तिथे चार करत होते मी, दिवसाला शेकडो. पगार मात्र दादांच्या शेवटच्या पगाराहून जास्त होता. विश्रांतवाडीला घर झालं, फ्रिज आला, मी दोनदा परदेशात जाऊन आले.

त्या काळात एक गृहस्थ दादांकडे यायचे. नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे, त्यांची ओतकामाची लहानशी फाउंड्री होती. हातात ड्रॉइंगची गुंडाळी असायची. दादा त्यांना चहा पाजायचे, गप्पा मारायचे आणि गुंडाळी तशीच परत जायची. असं चार-पाच वेळा झालं. आम्ही विचारलं तर म्हणायचे, “पुरे आता. केलं की आयुष्यभर.” आम्हाला ते पटलं. मी तर अभिमानाने सांगायचे, की आता आमच्या दादांना काम करायची गरज नाही. त्यांनी हत्यारं तेल लावून, कापडात बांधून माळ्यावर टाकली. सकाळी वाचनालय, दुपारी झोप, संध्याकाळी गच्चीवरच्या कुंड्या. हळूहळू ते कमी बोलायला लागले. वय झालं, असं आम्ही म्हणायचो.

दहा वर्षांनी मी कंपनी सोडली आणि वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. विषय तोच, मशीन डिझाइन. सगळे म्हणाले डोकं फिरलंय हिचं. पहिल्याच सत्रात मुलांनी संगणकावर काढलेली ड्रॉइंगं आणून दिली, आणि तिसऱ्याच कागदावर मी थांबले. तोच जॅक. खालून बंद. आत तोच वॉशर. कुठल्या कॉलेजातून, कोणाच्या हातून तो इथवर आला होता देव जाणे. आता काचही लागत नव्हती, फाइल पाठवली की झालं. मी साठच्या साठ ड्रॉइंगं परत केली. मलाही वर बोलावलं गेलं. पण मी हटले नाही. म्हटलं, या मुलांना आधी ओतकाम बघू दे, वस्तू हातात घेऊ दे, मग काढतील. मुलांना तिथे न्यायची परवानगी मागायला मी त्या नगर रस्त्याच्या फाउंड्रीत गेले.

मालकांनी मला ओळखलं. खुर्ची पुसून दिली. दादांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. ते मी सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं.

“लई जीव तोडून बोलवलं हो मी त्यास्नी,” ते म्हणाले. “पॅटर्नवाले रग्गड मिळत्यात, पर ड्रॉइंग वाचणारा माणूस नाय मिळत. म्हटलं, हात नका लावू, नुसतं बसा खुर्चीत आन् कागद बघून सांगा चूक कुठं हाय. तर म्हनले, आता माझं वाचन खरं राहिलं नाय. पोरीच्या ड्रॉइंगमधी मला चूक दिसली हुती आन् ती चूक नव्हतीच. माझ्या भरवशावर तुमचा माल फुकट जाईल. हात जोडले हो त्यांनी माझ्यापुढं.”

पुढे ते कधी मुलांना पाठवताय वगैरे विचारत होते. मी काय उत्तरं दिली आठवत नाही. रिक्षात बसले आणि थेट विश्रांतवाडीला घरी निघाले. घालवलं मी त्यांचं सगळं. दहा-बारा वर्षं ते त्या फाउंड्रीतल्या खुर्चीत बसले असते, तिथल्या पोरांनी ‘आधी दादांना दाखवा’ म्हटलं असतं, आणि मी त्यांना कुंड्यांना पाणी घालायला बसवलं. एका शीटच्या दोन मार्कांसाठी.

दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. मी चपलाही काढल्या नाहीत, सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसले.

“दादा, तो जॅक. ते ड्रॉइंग माझं नव्हतं. मी काचेवर ठेवून उतरवलं होतं दुसऱ्याचं. सगळेच उतरवायचे. आणि ते चुकलेलं होतं. वॉशर आत जाऊच शकत नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी काहीतरी सांगितलं.”

झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, बोलायला वेळ लागायचा. मी वाट बघत होते. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, काहीही करावं असं मला वाटत होतं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “मला बरोबर दिसलं होतं?”

“हो दादा. पहिल्या दिवशीच बरोबर दिसलं होतं.”

त्यांचा चेहरा फुलला. खरंच फुलला. कित्येक वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला हाक मारली, तोंडातून नीट शब्द निघेना तरी पुन्हा पुन्हा सांगितलं, “ऐकलंस का गं, मला बरोबर दिसलं होतं. चूक होती. मला दिसली होती.” आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिला काही कळलं नाही, पण ते हसताहेत म्हणून तीही हसली.

मग त्यांचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. तो चादरीवर पडलेला होता. डाव्या हाताने उचलून त्यांनी तो मांडीवर घेतला.

“मग मी गेलो असतो गं कामाला,” ते म्हणाले.

ते रागाने म्हणाले नाहीत. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. त्या हाताला स्पर्श कळत नव्हता.